तिसऱ्या दिवसाची वाट

सर,

आज रविवार, नऊ नोव्हेंबर, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत गुडघ्यांवर बसून मी फरशीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसत होतो. ते अर्धं टाकून हे लिहायला बसलो आहे. खोली बदलापूर पूर्वेला, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाशेजारी आहे. सेक्रेटरीकाका ती दर वेळी एकाच अटीवर देतात, की फरशी होती तशी परत मिळाली पाहिजे. सगळे जेवायला आपापल्या घरी गेले. डोंगराची धार पुसून झाली, गावं पुसून झाली. एका कोपऱ्यातला भाग मात्र राहिला आहे. तो सकाळी मी सगळ्यांसमोर पायानं पुसला. तिथे चपलेचा फराटा उमटला आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका मुलीनं काढलेली वाट अजून थोडी थोडी दिसते आहे.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. माझा आजचा चेहरा तुम्हाला ओळखू आला नसता, पण खडू आणि चप्पल म्हटल्यावर तुम्हाला सगळं कळलं असतं, कारण ही पद्धत तुमचीच. सहलीच्या आधीच्या शनिवारी शाळा सुटली की आपण भूगोलाच्या खोलीतले बाक भिंतीला लावायचो. ज्याला वाट सुचवायची असेल त्यानं फरशीवर खडूनं डोंगराची धार काढायची. गावाच्या जागी चिंचोका, पाण्याच्या जागी बाटलीचं निळं झाकण, आणि जिथून खाली उतरता येतं तिथे सुतळीचा तुकडा. तुम्ही हात मागे बांधून त्या चित्राभोवती फिरता, आणि उल्हासनगरच्या गल्लीबाहेर फारसं काही न पाहिलेली आम्ही पोरं श्वास रोखून बघत असतो. "चढण कसली दाखवतोस? चढायला माकडंही चढतात. दुसऱ्या दिवशी दुपारी पाय मोडला तर कुठून उतरशील, ते दाखव." मग मुलगा सुतळी शोधायला लागतो. सुतळी नसली की तुमची चप्पल पुढे येते आणि आठ दिवस जुळवलेली वाट दोन फटक्यांत पुसली जाते. ज्याची वाट उरेल तो पुढे चालणार. ज्याची पुसली तो पातेलं उचलणार.

तुम्ही वाईट शिक्षक नव्हता. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मध्ये येणार नाही. गुरांची वाट आणि माणसांची वाट तुमच्यामुळेच मला ओळखता येते. गुरांची वाट रुंद असते, मळलेली असते आणि गवतात जाऊन संपते. माणसांची बारीक असते, पण पाण्यापर्यंत पोचवते. रानात वाट ठरवायची ती उतरण्यापासून उलटी, हेही तुमचंच. शेवटी चालायचं कामही तुम्हीच मला दिलंत. सातवीत असताना पहिल्या सहलीला तुम्ही माझ्या गळ्यात पितळी शिट्टी घातलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हा आपल्यातला सगळ्यात घाबरट. म्हणून हा शेवटी. हा मागे कुणालाच सोडणार नाही, कारण एकटा राहिला तर याची चड्डी ओली होईल." सगळे हसले, मीही हसलो. ती शिट्टी मला मिळालेली पहिली भेटवस्तू होती. रात्री ती उशीखाली ठेवून झोपायचो. गंमत म्हणजे तुमचं बरोबर होतं. मी कधीच कुणाला मागे सोडलं नाही.

तुमच्या घरचा ओटाही मला आठवतो. सहलीचा शिधा बांधायला तुम्ही आम्हाला घरी बोलवायचात. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, पोहे मापानं पिशव्यांत भरायच्या, तुम्ही दारात उभे राहून पिशव्या मोजायचात. "चार दिवसांचे एवढे पुरतील ना?" तुम्ही विचारायचात. बाई मान वर न करता म्हणायच्या, "पुरतील." एका सहलीत पोहे तिसऱ्या दिवशीच संपले. परत आल्यावर तुम्ही आमच्यासमोर त्यांना म्हणालात, "तुला विचारलं होतं की नाही? तू पुरतील म्हणालीस की नाही?" त्या "हो" म्हणाल्या आणि आमच्यासाठी चहा टाकायला वळल्या. मी तेव्हा स्टुलावर बसून सुतळी गुंडाळत होतो. मला वाटलं, बाईंचं चुकलं.

आता आठवीच्या परीक्षेनंतरचा एप्रिल. इतर शाळांची मुलं हिवाळ्यात जातात, खरे भटके उन्हाळ्यात चालतात, असं तुमचं म्हणणं. घाट चढून आपण माथ्याखालच्या शेवटच्या वाडीत पोचलो. एका म्हाताऱ्यानं आपल्याला घरातल्या माठातलं पाणी पाजलं. तुम्ही त्याला विचारलंत, "बाबा, वर टाक्यात पाणी आहे ना?" तो म्हणाला, "हाय ना मास्तर." मी मागून म्हणालो, "सर, इथूनच बाटल्या भरून घेऊ या का?" तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्याचा माठ रिकामा करतोस का, भिकारड्या?" मग आपण वर गेलो. कातळात खोदलेल्या त्या टाक्याच्या तळाला वाळलेला चिखल होता आणि चिखलात माकडांचे पाय उमटले होते.

तो म्हातारा खोटारडा नव्हता. तेव्हा मला तसं वाटलं होतं, पण आता त्या भागात इतकी वर्षं फिरल्यावर कळतं. लांबून आलेला माणूस, त्यातून मास्तर, उन्हातून दारात येतो आणि आपल्याला काय ऐकायचं आहे ते आपणच बोलून दाखवतो. त्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याला दारातून हाकलण्यासारखं. तिथली माणसं तसं करत नाहीत. ती हो म्हणतात, गूळ देतात, वाटेपर्यंत सोडायला येतात. त्यांना विचारायचं असेल तर उत्तर आपल्या तोंडात ठेवून विचारायचं नाही. "तुम्ही स्वतः शेवटचं पाणी कुठून भरलंत?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. हे तुम्ही कधी शिकवलं नाहीत. हे मी त्या टाक्याच्या काठावर शिकलो.

माझ्या बाकावर बसणारा मुलगा दुपारनंतर बरळायला लागला. त्याला घाम यायचा थांबला होता. शाळेच्या गेटावर बर्फाचा गोळेवाला आला आहे, चल, असं तो म्हणत होता आणि माझा हात ओढत होता. तुम्ही दणकट मुलं घेऊन पाणी शोधायला पुढे गेलात आणि मला त्याच्याजवळ ठेवलंत, कारण शेवटचा मीच. जाताना तुम्ही पाठ करून तुमच्या बाटलीतलं पाणी प्यालात. मी बघितलं नाही, आवाज ऐकला. कारवीच्या तुटपुंज्या सावलीत मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन शिट्टी वाजवत बसलो. तोंड इतकं सुकलं की शिट्टीतून नुसती हवा यायला लागली. अंधार पडल्यावर तुम्ही वाडीतली दोन माणसं आणि हंडे घेऊन आलात. त्याला झोळी करून उतरवलं. त्याच्या किडन्यांना झटका बसला होता. तो वाचला. आज तो मोबाइलची कव्हरं विकतो, आणि एक मजला चढला की भिंतीला हात लावून उभा राहतो.

जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीत आपल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्या मुलाचे वडील टोपी हातात घेऊन दाराशी उभे. चौकशी तुमची होती आणि प्रश्न तुम्हीच विचारलात. "मुलांनो, प्रत्येकाच्या बाटलीत पाणी होतं की नाही?" एकेक जण म्हणत गेला, "होतं सर." माझी पाळी आली. मी म्हणालो, "नव्हतं." धीट होतो म्हणून नाही. मला वाटलं, खरंच विचारत आहेत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, थोडं थांबलात आणि मुख्याध्यापकांना म्हणालात, "याच्या घरी नळ नाही, सर. त्यामुळे याला सगळीकडे टंचाईच दिसते." मुख्याध्यापक हसले. वाईट याचं वाटलं, की त्या मुलाचे वडीलही हसले. ते थांबणं मी विसरलो नाही. बोलण्याआधीचं ते एवढंसं थांबणं. त्या वेळात ऐकणाऱ्यांना कळतं की आता काहीतरी येणार आहे, आणि ज्याच्यावर येणार त्यालाही कळतं.

नववीत तुम्ही वर्गात आलात की हजेरीच्या आधी मला उभं करायचात. "काय, आज पाणी आहे का?" वर्ग हसायचा. मी काहीही उत्तर दिलं तरी हसायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेलो नाही. वडलांनी दोन दिवस मारलं, तिसऱ्या दिवशी बॅगांच्या कारखान्यात नेऊन बसवलं. शुद्धलेखन मी तिथे शिकलो, रद्दीत येणारे पेपर वाचून. चूक दिसली की पेन्सिलीनं सुधारत असे. शेठ म्हणायचा, "साईं, पेपर चेक करता है या चेन लगाता है?"

त्याच कारखान्यात तुम्ही एकदा आलात. तुमची खाकी सॅक, चेन तुटलेली, पट्टा उसवलेला. तुमचे गाल बसले होते आणि डोळे पिवळे दिसत होते. शेठ सॅक उलटीसुलटी करून म्हणाला, "मास्टरजी, ये बॅग नहीं है, म्युझियम है. नई ले जाओ, होलसेल में देता हूँ." तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "हा माझा विद्यार्थी. हा करेल. डोकं आहे याला, तोंड वाईट." मग मला म्हणालात, "बरं चाललंय ना इथे?" आणि सर, मी म्हणालो, "हो सर." इतकी वर्षं मनात जुळवून ठेवलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. मी मशीनवर बसलो. पट्टा असा शिवायचा की तिसऱ्या सहलीला कड्यावर सुटेल, हे मला येत होतं. पण हातानं ऐकलं नाही. त्यानं दुहेरी शिलाई घातली, वर पायपिंग केलं. तुम्ही ओढून बघितलंत आणि "ठीक" म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही गेल्याचं कळलं. मी त्या दिवशी जास्तीचं काम घेतलं, म्हणजे कुणी अंत्ययात्रेला चल म्हणू नये.

आता आजचं. गेली काही वर्षं मी एक गट चालवतो. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरचे नोकरीवाले लोक, येत्या गुरुवारी निघणारे आम्ही चौदा जण. चार दिवस. सिद्धगडाच्या बाजूनं चढायचं, माथ्यावर आहुप्याच्या रानातून पुढे सरकायचं आणि मुरबाडच्या अंगाला उतरायचं. पहिले दोन दिवस ठरलेले होते. भांडण तिसऱ्या दिवसाचं. एक वाट कड्याच्या धारेनं जाते. खाली सगळं कोकण दिसतं, संध्याकाळी देवळामागच्या टाक्यावर मुक्काम, आणि चौथ्या दिवशी एका अरुंद नाळेनं, दगडगोट्यांतून, थेट उतरायचं. मध्ये पाणी कुठेच नाही. दुसरी आत वळून एका वाडीला जाते. लांब आहे, बरीचशी बैलगाडीच्या रस्त्यानं आहे, बघण्यासारखं काही नाही. पण वाडीत विहीर आहे, आणि खाली उतरायला जुना बैलघाट आहे. झोळीत माणूस घालूनही तिथून उतरता येतं. पहिली वाट मी मांडली होती. दुसरी पालेगावच्या एका मुलीनं.

ती विशीची आहे. अंबरनाथ पूर्वेला एका लॅबमध्ये काम करते, सकाळी घरोघर जाऊन रक्त गोळा करते. दोन वर्षं आमच्याबरोबर चालते आहे. या वेळी तिला पुढे चालायचं होतं. आमच्यातही नियम तोच, ज्याची वाट उरेल तो पुढे. त्यासाठी ती सुट्टीचे दोन रविवार एकटी एसटीनं जाऊन ती वाट चालून आली होती. तिचं चित्र स्वच्छ होतं. तिच्या प्रत्येक मुक्कामाला सुतळी होती. मी हात मागे बांधून फिरलो. उतरायला कुठून, विचारलं, तिनं दाखवलं. आग्या मोहोळ कुठे, विचारलं, तिनं दाखवलं. मोबाइलला रेंज कुठे येते, तेही तिला माहीत होतं. रेल्वेत असलेला आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, पोरगी पेपर फोडून आलीय वाटतं."

मग ती म्हणाली, "दादा, मी एक विचारू? टाक्यातल्या पाण्याचं तुम्हाला कोण बोललं?"

"वाडीतले मामा." मामा म्हणजे त्या वाडीतले म्हातारे गृहस्थ. त्या भागात आमच्या ओळखीचे तेवढेच.

"तुम्ही त्यांना काय विचारलंत?"

"पाण्याचं विचारलं."

"तसं नाही. कसं विचारलंत ते सांगा ना."

मी तिच्या चित्रातल्या सुतळीकडे बघितलं. ती म्हणाली, "मीच सांगते. मागच्या रविवारी मी मामांच्या ओट्यावर चहा पीत होते. तुमचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर होता." आणि तिनं माझा आवाज काढला. अगदी हुबेहूब, मागे मशीनचा आवाज आहे म्हणून ओरडून बोलणारा. "मामा! टाक्यात पाणी आहे ना?" मग मामांचा. "हाय ना दादा! रग्गड हाय! या तुमी!"

खोलीत हशा फुटला, सर. रेल्वेवाला भिंतीला टेकून हसला. "दादा आउट! थर्ड अंपायर ओट्यावरच बसली होती!"

तिचं सांगून झालं नव्हतं. "फोन ठेवल्यावर मी मामांना म्हटलं, खरंच आहे पाणी? तर म्हणाले, हाय की. वासरू पडलंय त्यात दिवाळीच्या आधी, कुजलंय. पन त्यो येवढ्या लांबून इचारतोय, त्याला नाय कसं म्हनू? आन वासराचं त्यानं कुठं इचारलं?"

चूक झाली होती, आणि ती कशी झाली तेही मला माहीत होतं. मोठ्या ऑर्डरमुळे त्या रविवारीही कारखाना चालू होता. शेठ ओरडत होता, "अड़े, फोन बाद में! माल शाम को निकलना है!" आणि मी घाईत तोंडाला येईल ते बोललो. इतकी वर्षं मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतो, की वाडीत असं कधीही विचारू नका. या मुलीलाही मीच शिकवलं होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की हो, चुकलं. बाकीचे अजून हसत होते, पण त्यात वाईट काही नव्हतं. ती स्वतःही हसत होती, माझ्याकडे बघून, आपल्याला शिकवलेलं जमलं म्हणून हसतात तशी.

मी तिच्या चित्रापाशी गेलो. थांबलो. बरोबर तेवढंच, सर, तुमच्याएवढंच. हसणं आपोआप बंद झालं. मग मी म्हणालो, "विचारायचं कसं ते तुला चांगलंच कळतं. बिल्डर आला तेव्हा तुझ्या वडलांना का नाही शिकवलंस? तुमच्याच ज्या जमिनीवर टॉवर उभा राहिला, त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायची वेळ आली नसती."

हे तिनं मला एकदा रात्री शेकोटीपाशी सांगितलं होतं. इतर कुणाला माहीत नव्हतं. मी चप्पल टेकवली आणि तिची वाट एका टोकाकडून पुसत नेली. विहिरीच्या जागचं झाकण उडून रेल्वेवाल्याच्या पायाशी गेलं. त्यानं ते उचललं आणि काय करावं न कळून हातातच धरून ठेवलं. ती रडली नाही. खाली बसून तिनं आपली झाकणं गोळा केली, रेल्वेवाल्यापुढे हात केला, त्यानं ते शेवटचं दिलं. "थँक्यू," ती त्याला म्हणाली. चपला हातात घेऊनच ती बाहेर गेली.

यानंतरचं तुम्हाला सांगण्यासाठी मी हे लिहायला बसलो. ती गेल्यावर मी उरलेल्यांकडे वळून विचारलं, "मग, धारेची वाट सगळ्यांना चालेल ना?" आणि सगळे म्हणाले, "चालेल दादा." टाक्यात वासरू कुजतं आहे, हे त्यांनी दोन मिनिटांपूर्वी ऐकलं होतं. त्यांत एक मधुमेहाचा माणूस आहे. एक जण आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन येणार आहे. तो बाप सगळ्यात आधी म्हणाला, "चालेल." मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. भीती म्हणावी तर तसं काही नव्हतं. मला बरं वाटावं, वातावरण निवळावं आणि जेवायला जायला मिळावं, एवढंच. मुख्याध्यापकांच्या खोलीत रांगेत उभं राहून मला आमची पोरं दिसत होती, तुमच्या जागेवरून ती कशी दिसतात ते कधी कळलं नव्हतं. फार सोपं दिसतं, सर. काहीही मागावं आणि मिळावं, असं.

सगळे गेल्यावर मी मामांना फोन केला. या वेळी नीट विचारलं. "मामा, टाक्यातलं पाणी तुम्ही स्वतः शेवटचं कधी प्यालात?" मामा म्हणाले, "त्यातलं? छ्या! पावसाळ्यापास्नं नाय." मी गप्प बसलो, म्हणजे ते पुढे बोलतील. ते बोलले. "ती तुमची पोरगी आली व्हती. तिला समदं दावलंय म्या. तिच्या मागं या तुमी, फाट्याला चुकाल नायतर." मग काळजीनं म्हणाले, "दादा, मागल्या टायमाला म्या हाय म्हनलं, राग नाय ना आला?" मी म्हणालो, "नाही मामा."

त्यानंतर मी ग्रुपवर संदेश टाकला. तीन वेळा वाचून, ऱ्हस्वदीर्घ तपासून. "तिसऱ्या दिवशी धारेनं न जाता वाडीत मुक्काम. चौथ्या दिवशी बैलघाटानं उतरू. टाक्यातलं पाणी पिण्यासारखं नाही, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे. पुढे मी असेन." तिचं नाव कुठेही घातलं नाही. अंगठे येत गेले. "ओके दादा." "बेस्ट दादा." "सेफ्टी फर्स्ट." ही वाट कुणाची, हे एकानंही विचारलं नाही. सकाळीच त्यांच्यापैकी प्रत्येकानं ती फरशीवर बघितली होती. रेल्वेवाल्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं.

मग तिचा संदेश आला. ग्रुपवर नाही, मला वेगळा. सकाळचं काहीच त्यात नाही. "दादा, मी सॅक भरू का?"

मी तो लगेच उघडला. म्हणजे मी वाचला हे तिला दिसलं आहे. त्याला आता पाऊण तास होईल. तिला मला न्यावंच लागणार आहे. वाडीच्या अलीकडे तीन गाडीरस्ते फुटतात, त्यातला कुठला धरायचा हे मला माहीत नाही, मी ती वाट कधी चाललेलो नाही. तेरा जण माझ्या मागे असणार. त्यामुळे उत्तर हो आहे. ते लिहायला एक अक्षर लागतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. तुम्ही त्यातल्या चुका शोधल्या असत्या आणि एकही सापडली नसती, म्हणून चिडला असता. फडकं वाळत आलं आहे, ते परत भिजवून कोपरा पुसायचा आहे. फोन इथेच फरशीवर ठेवला आहे. तिच्या नावाखाली मधूनच 'टायपिंग' असं येतं, थोडा वेळ राहतं आणि काही न येता जातं. उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तिला हो म्हणणार आहे. आज म्हणणार नाही. त्याला कारण काहीच नाही. बघत बसलो आहे, आणि बरं वाटतं आहे, सर.